पाच राजहंसांची नोंद

आमच्या घरी पक्ष्यांची एक वही होती आणि तिचा एकच नियम होता. दोघांना दिसल्याशिवाय पक्षी लिहायचा नाही.

वही बाबांनी केलेली, म्हणून कचेरीतल्या रजिस्टरसारखी. लांबट, जाड पुठ्ठ्याची, पट्टीनं आखलेली. तारीख, पक्षी, किती, कुठे, आणि शेवटी दोन रकाने : पाहणाऱ्याची सही, साक्षीदाराची सही. मी आठवीत होते तेव्हापासून त्या दोन रकान्यांत आमच्या सह्या आहेत. माझी पहिली सही म्हणजे माझं पूर्ण नाव, आणि त्यातली शेवटची अक्षरं जागा न पुरल्यामुळे समासात चढलेली. "पाखरायचेही पंचनामे करतेत हे बापलेक," असं आई शेजारणीला सांगायची. शेजारीण हसली की आईला बरं वाटायचं, कारण रविवारची सगळी कामं तिच्या गळ्यात टाकून आम्ही सकाळीच पळालेले असायचो.

बाबा कापसाच्या खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. शेतकऱ्याची बंडी, म्हणजे बैलगाडी, नाहीतर ट्रॅक्टर आवारात लागला की ग्रेडर त्या ढिगात कोपरापर्यंत हात घालतो आणि आतून मूठभर कापूस काढतो. वरचा कापूस कोणीही बघेल, खरा माल आत असतो. मग ती मूठ डोळ्यांसमोर धरून त्यात काडीकचरा किती, डाग किती, ओल किती ते बघायचं, आणि अंगठा व बोटाच्या चिमटीत धागा ओढून त्याची लांबी अजमावायची. सगळं मिळून अर्धं मिनिट. तेवढ्यात माणसाच्या वर्षभराच्या राबण्याला पहिली प्रत किंवा दुसरी प्रत असं नाव पडतं आणि ग्रेडर खाली सही करतो. "सही म्हणजे मी पाह्यलं," बाबा म्हणायचे. "न पाहता सही करणारा माणूस अन् चोर, मले दोन्ही सारखेच."

दिवाळी झाली की खरेदी सुरू व्हायची आणि दिवाळी झाली की पक्षीही यायचे, त्यामुळे बाबांच्या वाट्याला फक्त रविवार उरायचा. यवतमाळहून स्कूटरनं आर्णी रस्ता धरायचा, एका फाट्याला डावीकडे वळायचं आणि तुरीच्या शेतांमधून तळ्याच्या बांधावर पोचायचं. तळं पाटबंधाऱ्याचं होतं, पण पक्ष्यांसाठी राखीव म्हणून वनखात्यानं तिथे बोर्ड लावला होता आणि एक लाकडी मचाण बांधलं होतं. बोर्डावर बगळ्याचं चित्र होतं. रंगवणाऱ्यानं त्याला पोपटाची चोच दिली होती, आणि दर रविवारी तिथून जाताना बाबा त्याला "राम राम मिठूमिया" म्हणायचे. दर रविवारी. मला पुढे पुढे त्या विनोदाचा वैताग यायचा.

कार्तिक उतरणीला लागला की तळ्याचं पाणी मागे सरकायचं आणि काठाचा काळा गाळ उघडा पडायचा. त्या गाळात शेकाटे आणि तुतारवाले अशी लांब पायांची मंडळी चोची खुपसत हिंडायची. आत पाण्यावर तलवार बदकं, थापटे, भगव्या रंगाच्या चक्रवाकांच्या जोड्या. आमच्याकडे दुर्बीण एकच होती. एकानं बघायचं, "वाळलेल्या बाभळीच्या डावीकडे, दोन हात" असं सांगायचं आणि दुर्बीण दुसऱ्याच्या हातात द्यायची. तेवढ्यात पक्षी उडाला तर गेला. वहीत नाही.

तेरा वर्षांची असताना मी कैकर पाहिला होता. कैकर म्हणजे पाण्यावर झेप घेऊन पायांत मासा उचलून नेणारी मोठी घार. मी तो मासा तडफडताना पाहिला, माशाच्या अंगावरून गळणारं पाणी पाहिलं. बाबांच्या हातात दुर्बीण जाईपर्यंत कैकर टेकडीआड गेला. मी रडले, भांडले, पाय आपटले. बाबांनी वही मिटली. "तू खोटं बोलतेस असं नाही बेटा. पण एकट्यानं पाह्यलं ते पाह्यलं नसते." आर्णी रस्त्यानं परत येताना मी त्यांच्या पाठीला नाक पुसत घरापर्यंत रडत आले होते.

आणि राजहंस. पुस्तकातलं नाव पट्टकादंब, पण बाबा राजहंसच म्हणायचे. पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे असलेला हा हंस हिमालय ओलांडून येतो, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. विदर्भातल्या दुसऱ्या तळ्यांवर तो उतरतो, आमच्या तळ्यावर कधी आला नव्हता. "एवढा हिमालय ओलांडते अन् आर्णी रोड ओलांडत नाही," असं ते तक्रारीच्या सुरात म्हणायचे. पण त्यांना खात्री होती. वहीच्या पहिल्या पानावर, सगळ्यात वरची ओळ त्यांनी राजहंसासाठी कोरी ठेवली होती.

तळ्याच्या काठाला लागून एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं शेत होतं. मी त्यांना काकाजी म्हणायची. आम्ही मचाणावरून उतरलो की ते बांधावर चहा मांडायचे, गुळाचा, काळा. त्यांचा कापूसही बाबांच्याच केंद्रावर यायचा. एका वर्षी रविवारी आम्ही त्यांचा चहा प्यालो आणि सोमवारी बाबांनी त्यांच्या बंडीला दुसरी प्रत लिहिली. पुढच्या रविवारी मला त्या बांधावर जायचीच लाज वाटत होती. काकाजींनी चहा नेहमीसारखाच दिला आणि म्हणाले, "कवडी कापूस होता साहेब, किडका, मलेही दिसला होता. म्हटलं, पाहू तुमाले दिसते का." दोघंही खो खो हसले. माझ्या बापाबद्दल मला जे काही वाटत होतं ते त्या हसण्यात होतं.

मग ती वाईट वर्षं आली. कापसाची वाईट वर्षं म्हणजे काय हे आमच्या जिल्ह्यातल्या माणसाला सांगायची गरज नाही आणि बाहेरच्याला सांगून कळत नाही. अळीनं बोंडं आतून खाल्लेली, पाऊस नको तेव्हा आलेला, खरेदी उशिरा सुरू झालेली, बंड्यांची रांग केंद्राच्या फाटकातून रस्त्यावर. माणसं कावलेली होती आणि कावायला समोर एकच माणूस होता, सही करणारा.

मी तेव्हा बी.एड. होऊन यवतमाळात एका शाळेत शिकवायला लागले होते. मधल्या सुट्टीत एका सहकारी बाईंनी, ज्यांच्या घरी पंधरा एकर कापूस होता, मला बाजूला घेतलं. "वाईट नका वाटू देऊ मॅडम. पण आमच्या गावात सगळे बोलून राह्यले." एका मोठ्या माणसाचा ट्रॅक्टर केंद्रावर लागला होता. त्याच्या डाव्या अंगाला पिवळा, डागी कापूस उघड्यावर दिसत होता. रांगेतल्या प्रत्येकानं पाहिला. बाबांनी समोरून हात घातला, मूठ डोळ्यांसमोर धरली आणि पहिली प्रत लिहिली. "आता एवढं उघडं पडलेलं त्यायले दिसलं नाही असं तं होत नाही ना?"

नाही, असं होत नाही, हे मलाही मान्य होतं. ज्याला मुठीतली कुसळाएवढी पत्ती दिसते त्याला हातभर अंतरावरचा पिवळा ढीग दिसत नाही?

मी घरी काही बोलले नाही. पण संशय एकदा घरात शिरला की पाहुण्यासारखा बसून राहतो, ऊठ म्हणता येत नाही. मी बाबांना बघायला लागले. ते बदलले होते. स्कूटर त्यांनी माझ्या हाती दिली होती, गुडघा दुखतो म्हणून. दाराच्या चौकटीला खांदा लागायचा. जेवताना पाण्याचा पेला लवंडायचा. आई म्हणायची, "कोठी लक्ष असते तुमचं?" मीही तेच म्हणत होते, मनात. तळ्यावर तर फारच. मी दुर्बीण हातात द्यायची, ते इकडे फिरवायचे, तिकडे फिरवायचे, आणि शेवटी म्हणायचे, "नाही दिसला. नको लिहू." थापट्यांचा अख्खा थवा समोर असताना, नाही दिसला. त्या वर्षी वहीची पानं कोरीच चालली होती. मला वाटलं, मनात पाप असलं की माणसाचं पाखरांतही मन लागत नाही.

मार्गशीर्षातला पहिला रविवार. धुकं उठलं होतं, पाणी स्थिर होतं आणि डाव्या हाताचा तळ्याचा कोपरा पूर्ण रिकामा होता. एक बदकसुद्धा नाही. मी काय करते आहे हे मला नीट माहीत होतं. एखाद्या क्षणी तोंडून निघून गेलं, असं मी स्वतःला नंतर पुष्कळदा सांगून पाहिलं, पण ते खरं नाही. मी आदल्या रात्रीच ठरवलं होतं. मी बाबांना असं काही दाखवणार होते जे तिथे नव्हतं, आणि ते "नाही दिसलं" म्हणणार होते. ते तसं म्हणाले की ट्रॅक्टर खोटा, शाळेतलं बोलणं खोटं आणि माझे बाबा खरे. न पाहता सही करत नाही तो माणूस. मला फक्त एक "नाही" ऐकायचं होतं.

"बाबा, राजहंस," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे मान वळवली.

"पाच आहेत. त्या कोपऱ्यात. डोक्यावरचे पट्टे स्पष्ट दिसताहेत." मी दुर्बीण त्यांच्या हातात दिली.

त्यांनी ती डोळ्यांना लावली. एवढा वेळ त्यांनी दुर्बीण कधीच धरली नव्हती. मी मनात म्हणत होते, म्हणा, नाही म्हणा. कितीतरी वेळानं त्यांनी दुर्बीण खाली केली आणि रुमालानं डोळे पुसले.

"दिसले?"

"दिसले," बाबा म्हणाले. "लिह बेटा."

वहीचं पहिलं पान त्यांनी स्वतः उघडलं, कोरी ओळ बोटानं चाचपली आणि मला दाखवली. मी लिहिलं. राजहंस. पाच. तळ्याचा डावा कोपरा. पाहणाऱ्याची सही मी केली. साक्षीदाराची त्यांनी. त्यांची सही ओळीवरून खाली घसरली, आणि मी ते बघून मनात म्हणाले, खोट्या सहीला हात कसा साथ देईल. त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मला ते नाटक वाटलं.

काकाजींचा चहा मी त्या दिवशी टाळला. घरी येताना बाबा मागच्या सीटवर गुणगुणत होते. घरात शिरल्याबरोबर आईला म्हणाले, "पोरीले राजहंस दिसले आज!" आईनं शिरा केला. मी डोकं दुखतं म्हणून पडून राहिले.

पोरीले दिसले, असं म्हणाले होते ते. मले दिसले असं नाही. हे ऐकून न ऐकणारे कान माझेच होते.

त्यानंतर मी तळ्यावर गेले नाही. पेपर तपासायचे आहेत, शाळेची सहल आहे, सर्दी आहे. बाबांना नाही म्हणायला कारणं किती लागतात? ते दोन-तीनदा विचारायचे आणि मग एकटे निघायचे. स्कूटर चालवत नव्हते, म्हणून एस.टी.नं फाट्यापर्यंत आणि पुढे पायी. एकदा परत आले तेव्हा दोन्ही गुडघे, कोपर, शर्टाची बाही गाळानं माखलेली होती. "कोठी लोळले?" आईनं विचारलं. "घसरलो," ते म्हणाले आणि मोरीत जाऊन हातपाय धुवायला लागले. मी आतल्या खोलीत पुस्तक उघडून बसले होते. उठले नाही.

त्याच हिवाळ्यात ट्रॅक्टरची तक्रार वर गेली आणि बाबांकडे खुलासा मागितला गेला. त्यांनी कच्चा खुलासा लिहिला आणि माझं अक्षर चांगलं म्हणून पक्का करायला माझ्याकडे दिला. त्यात एक वाक्य होतं. "मी माझ्या नोकरीत मूठ डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एकही सही केलेली नाही." तिथे माझं पेन थांबलं. मी वर पाहिलं. ते समोरच्या खुर्चीवर बसले होते, चेहरा माझ्या दिशेला. निर्लज्जपणाची कमाल आहे, असं मला वाटलं. मी ते वाक्य उतरवलं, ठिपका न चुकता, आणि कागद त्यांच्यापुढे सरकवला. सही कुठे करायची ते मला बोटानं दाखवावं लागलं. तरी मला काही कळलं नाही. बी.एड. झालेली बाई होते मी.

पुढच्या दिवाळीनंतर आईनं हट्ट धरला आणि आम्ही बाबांना एका नेत्रशिबिरात नेलं. आईला वाटत होतं मोतीबिंदू असेल, काढला की झालं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी बाबांचा एक डोळा झाकला, दुसऱ्यानं समोर बघायला सांगितलं आणि स्वतःचं बोट त्यांच्या कानाच्या बाजूनं हळूहळू पुढे आणायला सुरुवात केली. "दिसलं की सांगा काका."

बोट कानापासून गालापर्यंत आलं. बाबा गप्प. गालापासून डोळ्याच्या कडेला आलं. बाबा गप्प. मी शेजारी उभी राहून ते बोट बघत होते. बोट जवळजवळ नाकासमोर आलं तेव्हा बाबा म्हणाले, "हं. दिसलं."

काचबिंदू होता. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. हा दुखत नाही, खुपत नाही. कडेचं दिसणं आधी जातं, समोरचं शेवटपर्यंत राहतं. माणूस पेपर वाचतो, हातातली वस्तू बघतो, म्हणून कोणाला शंका येत नाही. नळीतून बघितल्यासारखं दिसतं. गेलं ते परत येत नाही, उरलेलं औषधाच्या थेंबांनी टिकवायचं. पण आता टिकवण्याजोगं फार थोडं राहिलं होतं.

"वर्षभर आधी आणलं असतं तर पुष्कळ वाचलं असतं," त्या म्हणाल्या. "घरात कोणाच्या लक्षात नाही आलं का?"

आईनं मान हलवली. मग त्या माझ्याकडे वळल्या.

"नाही," मी म्हणाले.

ट्रॅक्टरची डावी बाजू. दाराची चौकट. पाण्याचा पेला. गाळ. थापट्यांचा थवा. या जिल्ह्यात एकाच माणसाकडे हे सगळे पुरावे होते आणि ते तिनं बापावर खटला चालवायला वापरले. मी चिडून एकदा तरी विचारलं असतं, भांडले असते, "तिथे हंस नव्हतेच" असं ओरडले असते, तर त्याच दिवशी सगळं बाहेर आलं असतं. माझं गप्प राहणं मला तेव्हा मोठं स्वाभिमानाचं वाटलं होतं. त्या गप्प राहण्यात बाबांचे डोळे गेले.

परत येताना एस.टी.त आई पुढच्या सीटवर बसली, मी बाबांच्या शेजारी. बाबांनी खिडकी मला दिली. म्हणाले, "तू पाह्य. मले आता काय करायची खिडकी?"

मी विचारलं. विचारायला नको होतं, पण विचारलं. "बाबा, त्या दिवशी तुम्हाला राजहंस दिसले होते?"

बस एका नाल्यावरून खडखडत गेली.

"नाही दिसले," ते म्हणाले. "लय शोधले. पाणीच दिसे."

"मग सही काहून केली?"

"नसती केली तं तुहे हंस वहीत आले नसते." ते जरासे हसले. "त्या कैकराच्या टायमाले तू आर्णी रोडभर रडली होती. माह्या शर्टाची पाठ ओली झालती. तवापासून मनात होतं, एवढा काय नियम घेऊन बसलो होतो मी. म्हटलं, आपल्याले नाही दिसले तं नाही दिसले. पोरीले तं दिसले. तू काय खोटं सांगशील?"

मी खिडकीबाहेर बघत होते. बाहेर कापसाची शेतं होती, वेचून झालेली, आणि मला त्यातलं एकही झाड दिसत नव्हतं.

"तेवढी एकच सही हाये माही, न पाहता केलेली," बाबा म्हणाले. "पण तिचा मले पस्तावा नाही."

तेव्हा सांगायला हवं होतं. मी तोंड उघडलंसुद्धा. पण त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते हिसकावून घ्यायचं माझ्यानं झालं नाही. एवढं सगळं काढून घेतल्यावर निदान ते पाच हंस तरी राहू देत, असं मी स्वतःला सांगितलं. हे दयेपोटी केलं की भीतीपोटी, ते मला आजही ठरवता येत नाही. बहुतेक भीतीपोटीच.

खुलाशाला डोळ्यांचा दाखला जोडला गेला आणि चौकशी कागदोपत्री मिटली. बाबांना काही दिवस टेबलावरचं काम दिलं, मग ते घरी बसले. लोकांच्या तोंडचा ट्रॅक्टर मात्र कुठल्याच दाखल्यानं मिटला नाही. थेंब चालू होते. मी सकाळ-संध्याकाळ न चुकता घालायची. दुसऱ्या वर्षी समोरची नळीही अरुंद होत होत बंद झाली.

पुढे दोन वर्षांनी, असाच कार्तिक संपत आलेला असताना, काकाजींचा निरोप आला. त्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानात फोन केला होता. "साहेबाले घेऊन ये बाई. राजहंस उतरले तळ्यावर. मी चित्रात पाह्यलेत, तेच हायेत."

मी बाबांना स्कूटरवर मागे बसवलं. त्यांनी दोन्ही हातांनी मला घट्ट धरलं होतं, मी लहानपणी त्यांना धरायची तसं. वही त्यांच्या मांडीवर होती. बोर्डापाशी मी वेग कमी केला आणि म्हणाले, "राम राम मिठूमिया." बाबांनी माझ्या पाठीवर एकदा थोपटलं.

मचाणावर चढणं आता शक्य नव्हतं. आम्ही बांधावर बसलो, काकाजी शेजारी. आणि ते होते. डाव्या हाताच्या कोपऱ्यात, त्याच रिकाम्या कोपऱ्यात, उन्हात उभे होते. राखाडी अंग, पांढरं डोकं, मागे दोन काळे पट्टे. मी आयुष्यात पहिल्यांदा राजहंस बघत होते. त्यातला एक ओरडला, भोंग्यासारखा, नाकातून. बाबांनी मान वर केली.

"परत आले," ते म्हणाले.

"परत कायचे साहेब," काकाजी म्हणाले. "माहा जन्म गेला या काठावर. या तळ्यावर पयल्यांदाच आले हे."

"नाही नाही. आले होते." बाबांचा आवाज आनंदानं चढला होता. "तीन-चार वर्षांआधी. मार्गशीर्षात, रविवारी. पाच होते. माह्या पोरीनं पाह्यले. वहीत हायेत, दाखव गं त्यायले."

काकाजींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे म्हातारे होते, पण शाबूत होते. मुठीतला कवडी कापूस ओळखणारे. मला त्या नजरेसमोर वही उघडता आली नाही. कितीतरी वेळ ते माझ्याकडे बघत राहिले आणि मग पाण्याकडे वळले.

"आले असतीन साहेब," ते म्हणाले. "मी वेचणीत असन. माह्यं ध्यान नसन."

बाबा समाधानानं हसले. मग त्यांनी वही माझ्या हातात दिली. "आज किती हायेत?"

मी मोजायला लागले. डोळ्यांत पाणी येत होतं आणि पुन्हापुन्हा पुसून मोजावं लागत होतं. "अकरा."

"लिह. अन् माही साक्ष घे. आवाज ऐकला मी, तेवढं चालते." त्यांनी हात पुढे केला. "सही आता सरळ येत नाही. अंगठा घे."

आयुष्यभर सह्या केलेला माणूस मला अंगठा घे म्हणत होता. शाई नव्हती. काकाजी उठले, काठाचा ओला गाळ बोटावर घेऊन आले आणि बाबांच्या अंगठ्याला लावला. ज्या अंगठ्यानं त्यांनी अख्ख्या तालुक्याच्या कापसाचा धागा ओढून पाहिला होता, तो मी हातात धरला आणि शेवटच्या रकान्यात टेकवला.

बाबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी त्यांना सांगितलं नाही. सांगणार होते, दर रविवारी. वही माझ्याकडे आहे. अकरा राजहंसांच्या ओळीतला गाळ वाळला तसा तो ठसा झडत गेला, आणि आता त्या रकान्यावरून बोट फिरवलं तर थोडं खरखरीत लागतं, इतकंच. पहिल्या पानावरच्या पाच राजहंसांपुढची सही शाईची आहे. ओळीवरून घसरलेली आहे, पण अजून अक्षर न् अक्षर वाचता येतं.